सिलोसायबिनचं मायक्रोडोसिंग : कायद्याची वाट नेमकी कुठवर जाते?

पारिजात

‘अमुक ठिकाणी आता मायक्रोडोसिंग कायदेशीर झालं’ हे वाक्य हल्ली वारंवार वाचायला मिळतं. नैराश्याने, चिंतेने पिचलेली माणसं ते वाचतात आणि त्यांना वाटतं, दार उघडलंय, आपल्यालाच पत्ता ठाऊक नाही. मला ते वाक्य धोक्याचं वाटायला लागलं, म्हणून निरनिराळ्या ठिकाणचे नियम मुळातून वाचायला घेतले. हाती लागलं ते मांडते. कुणाला जास्त माहिती असेल तर जरूर भर घाला.

आधी थोडी ओळख. सिलोसायबिन हा काही जातींच्या अळंब्यांत सापडणारा पदार्थ. पोटात गेल्यावर त्याचं सिलोसिन होतं आणि ते मेंदूत सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाच्या ग्राहींवर, म्हणजे ते जिथे चिकटतं त्या जागांवर, काम करतं. उपचारांच्या अभ्यासात साधारण २५ मिलिग्रॅमची एकच मोठी मात्रा देतात. माणूस पाच-सहा तास त्या अमलाखाली असतो आणि प्रशिक्षित माणसं पूर्ण वेळ शेजारी बसतात. मायक्रोडोसिंगमध्ये मात्रा इतकी लहान असते की भास होत नाहीत, रोजची कामं चालू राहतात. एक दिवस घ्यायची, दोन दिवस सोडायचे, असं काही आठवडे करायचं. ही पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स फॅडिमन यांच्या नावाने ओळखली जाते. कवकतज्ज्ञ पॉल स्टॅमेट्स यांची पद्धत वेगळी, तिच्यात जोडीला लायन्स मेन नावाची अळंबी आणि नायसिन हे जीवनसत्त्व असतं.

आता कायदा. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२०मध्ये ‘मेझर १०९’ हा मतप्रस्ताव मंजूर केला आणि २०२३मध्ये तिथली पहिली केंद्रं सुरू झाली. वय २१ पूर्ण असलं की पुरे, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, आजाराचं निदान लागत नाही. पण माल घरी नेता येत नाही. घ्यायची ती मात्रा परवाना असलेल्या केंद्रातच, फॅसिलिटेटरच्या, म्हणजे सत्रात सोबत बसणाऱ्या प्रशिक्षित माणसाच्या, देखत. लहान मात्रेला बंदी नाही, तिच्यासाठी केंद्रात थांबायचा किमान वेळही कमी ठेवलाय. पण दर तिसऱ्या दिवशी केंद्रात जाऊन, दर खेपेला सत्राचे पैसे मोजून हे कोण आणि किती दिवस करणार?

ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३पासून सिलोसायबिन वापरायला परवानगी दिली, पण फक्त इतर उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी, आणि फक्त त्यासाठी खास मान्यता मिळालेल्या मनोविकारतज्ज्ञांना. कॅनडात जानेवारी २०२२पासून डॉक्टर ‘स्पेशल अ‍ॅक्सेस प्रोग्राम’खाली एकेका रुग्णासाठी अर्ज करू शकतात. आजार गंभीर हवा आणि नेहमीचे उपचार करून झालेले हवेत. स्वित्झर्लंडमध्येही डॉक्टरला रुग्णागणिक परवानगी मागावी लागते. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याने २०२५मध्ये वैद्यकीय वापराचा कायदा केला, त्याची अंमलबजावणी २०२७च्या अखेरपर्यंत व्हायची आहे. या सगळ्यांचा रोख देखरेखीखालच्या मोठ्या मात्रेवर आहे.

मग लहान मात्रा घरी घेता येईल अशी जागा कुठली? नेदरलँड्समध्ये १ डिसेंबर २००८पासून अळंब्यांवर बंदी आहे, पण त्याच जातींच्या जमिनीखाली धरणाऱ्या गाठी, ज्यांना तिकडे ट्रफल म्हणतात, त्या बंदीत आल्या नाहीत. त्या प्रौढांना दुकानात मिळतात. जमैकाने या अळंब्यांवर कधी बंदीच घातली नाही. पण दुकानातल्या माणसाला तुमच्या गोळ्या, तुमचा इतिहास, घरात कुणाला बायपोलर (उन्माद आणि नैराश्य आलटूनपालटून येणारा आजार) होता का, यातलं काही माहीत नसतं आणि विचारायची त्याच्यावर सक्तीही नसते.

थोडक्यात माझं म्हणणं असं की जिथे डॉक्टर आहे तिथे सूक्ष्म मात्रा नाही, आणि जिथे सूक्ष्म मात्रा आहे तिथे डॉक्टर नाही. या दोन वाटा अजून कुठेही नीट जुळलेल्या मला दिसल्या नाहीत.

शमा

पारिजात, फार नीट लिहिलंत. मी नैराश्यावर बरीच वर्षं औषधं घेतेय. गोळ्यांनी मी उभी आहे हे खरं, पण सगळं सपाट झालंय. आनंदही सपाट. कुणी लिहितं की सूक्ष्म मात्रेने रंग परत दिसायला लागले, तेव्हा ते वाचून जे वाटतं ते सांगता येत नाही. मी चोरून काही करणारी नाही. पण मला रांगेत उभं राहायचं असेल तर ती रांग आहे कुठे, एवढंच विचारायचं आहे. मोठ्या मात्रेची मला भीती वाटते. सहा तास स्वतःवर ताबा नसणं मला झेपेल असं वाटत नाही. लहान मात्रा सौम्य आहे, तर कायदा तिलाच का अडवतो?

उत्तरायण

शमाताई, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. मी मनोविकारतज्ज्ञ आहे, माझ्याकडेही हा प्रश्न वरचेवर येतो. कायदा मुद्दाम सूक्ष्म मात्रेच्या विरोधात गेलाय असं नाही. औषध म्हणून मान्यता मिळायला चाचण्यांचा पुरावा लागतो आणि तो आजवर मोठ्या मात्रेच्या बाजूने जमा झालाय.

नोव्हेंबर २०२२मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. इतर उपचारांना दाद न देणारं नैराश्य असलेले २३३ रुग्ण, तीन गट : २५, १० आणि १ मिलिग्रॅम. तिसऱ्या आठवड्याला २५च्या गटाला १च्या गटापेक्षा स्पष्ट जास्त फायदा दिसला. आता यातला १ मिलिग्रॅमचा गट बघा. तो तुलनेसाठी ठेवला होता, त्याने काही विशेष होणार नाही असं गृहीत धरून. लोक सूक्ष्म मात्रा म्हणून घेतात त्याच्या जवळपासची ही मात्रा आहे. तिथे ती एकदाच दिली होती, पुन्हापुन्हा नाही, हा फरक मान्य. तरी संशोधक तिच्याकडे कसं बघतात ते यावरून कळतं.

खास सूक्ष्म मात्रेवरचे अभ्यासही आहेत. इम्पिरियल कॉलेज लंडनच्या गटाने २०२१मध्ये एक हुशारीचा प्रयोग छापला. १९१ लोकांनी आपापल्या घरी, दिलेल्या सूचनांप्रमाणे कॅप्सूल भरल्या, काहींत मात्रा, काही रिकाम्या, आणि कोणत्या आठवड्यात काय घेतोय हे त्यांचं त्यांनाच कळणार नाही अशी पाकिटांची आणि चिकटवलेल्या कोडची व्यवस्था केली. महिन्याभरात मात्रा घेणाऱ्यांना बरं वाटलं. रिकाम्या कॅप्सूल घेणाऱ्यांनाही जवळजवळ तितकंच बरं वाटलं. अर्जेंटिनात ३४ जणांना अर्धा ग्रॅम वाळलेली अळंबी देऊन केलेल्या प्रयोगात मेंदूच्या लहरींत बदल दिसला, पण मूड किंवा सर्जनशीलतेत ठोस फायदा दिसला नाही. नेदरलँड्समध्ये ट्रफल वापरून केलेल्या अभ्यासातही चिंता-नैराश्याच्या गुणांवर परिणाम आढळला नाही.

आणि सौम्य म्हणाल, तर सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे. त्याबद्दल वेळ काढून वेगळं लिहितो.

मेघमल्हार

डॉक्टर, तुम्ही एकच बाजू मांडताय. २०२२मध्येच ९५३ मायक्रोडोसिंग करणारे आणि न करणारे १८० यांची तुलना छापून आली. महिन्याभरात मात्रा घेणाऱ्यांच्या मूडमध्ये आणि मनःस्वास्थ्यात जास्त सुधारणा दिसली. हजारो लोक सांगताहेत, ते सगळे खोटं बोलताहेत का? आणि प्लासिबोनेही, म्हणजे रिकाम्या कॅप्सूलनेही, बरं वाटत असेल, तर बरं वाटलं ते वाटलंच ना? वर्षानुवर्षं अंथरुणातून उठायला न जमलेला माणूस उठला, त्याला तुम्ही ‘हे खरं नाही’ म्हणणार?

पारिजात, तुमच्या यादीत अमेरिकेतलं कोलोरॅडो राज्य नाही. तिथे २०२२च्या ‘प्रपोझिशन १२२’ या मतप्रस्तावानंतर २१ वर्षांवरच्या माणसाला स्वतः पिकवायला, जवळ बाळगायला, घ्यायला राज्याच्या कायद्याने मोकळीक आहे. म्हणजे घरी सूक्ष्म मात्रा घेणारा तिथे गुन्हेगार नाही. वाट आहे.

उत्तरायण

खोटं कुणीच बोलत नाही. त्या ९५३ लोकांनी आपण काय घेतोय हे जाणून घेतलं होतं आणि घ्यायचं आधीच ठरवलं होतं. आशा हा त्यांच्या उपचाराचाच भाग झाला. आशेला मी कमी लेखत नाही. पण केवळ आशेचा परिणाम असेल, तर त्यासाठी माणसाने अटकेचा, नोकरीचा, औषधांच्या गुंत्याचा धोका पत्करावा असं मी माझ्या रुग्णाला सांगू शकत नाही.

पारिजात

मेघमल्हार, कोलोरॅडो राहिलंच होतं, आणि ते महत्त्वाचं आहे. पण तिथे काय मोकळं आहे आणि काय नाही ते बारकाईने बघा. स्वतः पिकवायला मुभा आहे, तीही खाजगी जागेत, १२ बाय १२ फुटांच्या मर्यादेत, कुलूपबंद. दुसऱ्या प्रौढाला फुकट देता येतं, विकता येत नाही. दुकान नाही. परवान्याची केंद्रं २०२५मध्ये सुरू झाली, पण तीही फॅसिलिटेटरच्या देखरेखीखालची. म्हणजे तिथे मायक्रोडोसिंग करायचं तर तुम्हीच शेतकरी, तुम्हीच औषधविक्रेते आणि तुम्हीच डॉक्टर. आणि अळंबीत सिलोसायबिनचं प्रमाण सारखं नसतं. वाळलेल्या मालात ते साधारण अर्धा ते एक टक्क्याच्या आसपास धरतात, पण जात, पीक, साठवण यांनुसार ते खूप हलतं. एकाच टोपलीतल्या दोन अळंब्यांत फरक पडतो. घरच्या काट्यावर ०.१ ग्रॅम मोजलं तरी आत किती आहे ते कळत नाही, आणि स्वस्त काटा त्या वजनाला धड स्थिरही राहत नाही.

शिवाय शिक्षा नसणं वेगळं आणि कायदेशीर उपचार मिळणं वेगळं. पहिल्यात पोलीस तुमच्या वाटेला जात नाहीत एवढंच. दुसऱ्यात मालाची तपासणी, माणसाची तपासणी आणि काही बिघडलं तर जबाबदार कोण, हे सगळं ठरलेलं असतं. शमाताईंसारख्या माणसाला दुसरं हवंय.

वाटसरू

मी ओरेगॉनमध्ये राहतो. आमच्या एका मावशींना कॅन्सरनंतर मरणाची भीती जात नव्हती, त्यांच्यासोबत केंद्रात गेलो होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

आधी तयारीची बैठक झाली, ती प्रत्यक्ष मात्रेच्या दिवसाच्या कितीतरी आधी. त्यात भलीमोठी प्रश्नावली. लिथियम (बायपोलरवरचं औषध) घेता का, गेल्या ३० दिवसांत घेतलं असेल तर सत्रच होत नाही. सायकोसिसचा, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याच्या आजाराचा, इतिहास आहे का, असेल तर नाही. मग स्पर्शाबद्दलचा कागद. घाबरल्यासारखं झालं तर हातावर हात ठेवलेला चालेल का, खांद्यावर चालेल का, पावलांवर चालेल का, प्रत्येकाला वेगळी खूण करायची आणि ती आधीच करायची. अमलात असताना नव्याने संमती देता येत नाही. मावशी त्या कागदापाशी बराच वेळ थांबल्या. शेवटी फक्त हाताला हो म्हणाल्या.

त्या दिवशी सीलबंद पाकीट त्यांच्यासमोर उघडलं. त्यावर सिलोसायबिन किती मिलिग्रॅम ते प्रयोगशाळेच्या तपासणीप्रमाणे लिहिलेलं होतं. अळंबी एकाच जातीची चालते, सिलोसायबी क्यूबेन्सिस. कृत्रिमरीत्या बनवलेलं चालत नाही. पूड कोमट पाण्यात ढवळून दिली. परत घरी कसं जाणार तेही आधी लिहून द्यावं लागतं. मला दिवसभर बाहेरच्या खोलीत बसवलं होतं.

मला हे सगळं आवडलं, जीव सांभाळून केलेलं वाटलं. पण खर्च खूप आहे, आणि त्याला कारण आहे. केंद्राला आणि उत्पादकाला दरवर्षी १०,००० डॉलर परवाना शुल्क. संघराज्याच्या कायद्यात हा पदार्थ अजून शेड्यूल १मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक बंदीच्या यादीत, त्यामुळे करात नेहमीच्या व्यवसायाला मिळतात त्या वजावटी नाहीत. विमा पैसे देत नाही. काही केंद्रं बंदही पडली. अनेक काउंटींनी (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) मतदान करून आपल्या हद्दीत केंद्रं नकोच म्हणून सांगितलंय. एवढ्या खर्चात दर तीन दिवसांनी लहान मात्रा घ्यायची कल्पनाही करवत नाही.

मावशींना फायदा झाला का, तर त्या म्हणतात झाला. त्याहून जास्त मी बोलत नाही, ते त्यांचं आहे.

तळटीप

वकील म्हणून थोडी भर घालतो, कारण ‘कायदेशीर’ हा शब्द इथे अनेक मजल्यांवर वापरला जातोय.

सगळ्यात वर संयुक्त राष्ट्रांचा १९७१चा मनोप्रभावी पदार्थांबद्दलचा करार. सिलोसायबिन आणि सिलोसिन त्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, जिथे वापर फक्त शास्त्रीय आणि अगदी मर्यादित वैद्यकीय कामासाठी, तोही सरकारने मान्य केलेल्या माणसांकडून. करारात पदार्थांची नावं आहेत, अळंब्यांची नाहीत. नेदरलँड्सची ट्रफल, जमैकाची मोकळीक हे सगळं या फटीतून आलंय. करार मान्य करताना एक सवलतही ठेवली होती : रानात उगवणाऱ्या अशा वनस्पतींचा धार्मिक विधीत पूर्वापार वापर करणारे छोटे समूह देशात असतील, तर त्यांच्यापुरता अपवाद राखून ठेवता येतो. मेक्सिकोच्या ओआहाका डोंगरातल्या माझातेक लोकांचे विधी या प्रकारातले. १९५७मध्ये ‘लाइफ’ मासिकात गॉर्डन वॉसन यांचा लेख आला, बाहेरच्या जगाला हे कळलं, आणि पुढच्याच वर्षी रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी बाझेलच्या सँडोझ कंपनीत त्या अळंब्यांतून सिलोसायबिन वेगळं काढलं. ज्या माझातेक विधिकर्त्या मारिया साबिना यांनी वॉसनना विधीत बसू दिलं, त्यांच्या गावाला त्यानंतर आलेल्या लोंढ्याने फार सोसावं लागलं. आज परवान्यांचे कायदे लिहिताना त्या लोकांना काय मिळतं, हा प्रश्न मला छळतो.

त्याखालचा मजला देशाचा कायदा, त्याखाली राज्य, त्याखाली शहर. डेन्व्हरने मे २०१९मध्ये मतदान करून अळंबी बाळगणाऱ्यांवरची कारवाई सगळ्यात खालच्या प्राधान्यावर टाकली. शहराने एवढंच केलं, राज्याचा आणि देशाचा गुन्हा तसाच राहिला. अमेरिकेत नागरिक नसलेल्यांनी तर हे डोक्यात पक्कं ठेवावं : राज्याने मोकळीक दिली तरी व्हिसा आणि ग्रीन कार्डचा विचार संघराज्याच्या कायद्याने होतो. ओरेगॉन-कोलोरॅडोत राहणाऱ्या आपल्या माणसांना हे कुणी सांगत नाही. मुलाखतीत अमली पदार्थांबद्दल प्रश्न आला आणि खरं उत्तर दिलं, तर तेवढ्यावरूनही अडचण उभी राहू शकते.

भारतात एनडीपीएस, म्हणजे अमली आणि मनोप्रभावी पदार्थांबद्दलचा कायदा, १९८५. सिलोसायबिन त्याच्या मनोप्रभावी पदार्थांच्या यादीत आहे. अल्प प्रमाण २ ग्रॅम, व्यापारी प्रमाण ५० ग्रॅम. हे वजन अख्ख्या अळंबीचं मोजायचं की आतल्या पदार्थाचं, यावर कोर्टात वाद झाले. केरळ उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये एका जामीन अर्जात अळंबी म्हणजे ‘मिश्रण’ नव्हे असं मत दिलं. त्यावरून ‘भारतात मशरूम कायदेशीर’ असे मथळे फिरले. ते साफ चुकीचे. प्रश्न जामिनाचा आणि वजनाचा होता, पदार्थ यादीत तसाच आहे, बाळगणं आणि घेणं दोन्ही गुन्हेच आहेत. कुणी परदेशातून ट्रफल बॅगेत टाकून आणली तर ती तिथे कायद्याने विकत घेतली होती हा बचाव चालत नाही. उलट आयात म्हणून प्रकरण वाढतं.

केवडा

मला त्या चॉकलेटांबद्दल विचारायचं होतं. ऑनलाइन ‘लीगल मायक्रोडोस’ म्हणून चॉकलेट, गमी, कॅप्सूल उघड विकतात. आमच्या ओळखीतल्या एकाने मागवली. ती कशी चालतात?

उत्तरायण

केवडा, ती घेऊ देऊ नका. त्यातल्या बऱ्याच उत्पादनांत सिलोसायबिन नसतंच. लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली अमानिटा मस्कारिया नावाची अळंबी असते तिचा अर्क टाकतात, त्यात मुख्य द्रव्य मस्किमॉल. हे सेरोटोनिनवर नाही तर गॅबा नावाच्या वेगळ्याच यंत्रणेवर काम करतं. त्याने गुंगी, गोंधळ, कधी झटके. बऱ्याच ठिकाणी ते यादीत नसल्यामुळे ‘लीगल’ असा शिक्का मारतात. २०२४च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषधांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) अशाच एका ब्रँडच्या चॉकलेट, कोन आणि गमींबद्दल इशारा दिला. लोक अतिदक्षता विभागापर्यंत गेले होते, कंपनीला माल परत घ्यावा लागला. नमुन्यांत मस्किमॉल सापडलं, काहींत प्रीगॅबलिन हे डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारं औषधसुद्धा, जे वेष्टनावर कुठेच नव्हतं. वेष्टनावर ‘मायक्रोडोस’ छापलंय म्हणून मात्रा सूक्ष्म ठरत नाही.

रानातून स्वतः वेचणं तर त्याहून वाईट. सिलोसायबी जातींसारख्याच दिसणाऱ्या गॅलेरिना मार्जिनाटामध्ये अमाटॉक्सिन असतं, ते यकृत निकामी करतं, आणि लक्षणं इतक्या तासांनी सुरू होतात की पोट बिघडलंय यापलीकडे कुणाला शंका येत नाही.

आता धोक्यांचं जे लिहायचं ठेवलं होतं ते. लिथियम चालू असताना सिलोसायबिन घेतल्यावर झटके आल्याच्या नोंदी आहेत, म्हणून वाटसरूंनी सांगितलेला तो प्रश्न सगळ्यात वर असतो. बायपोलर असेल किंवा घरात जवळच्या कुणाला असेल तर उन्माद उसळू शकतो, बहुतेक चाचण्या अशा माणसांना घेतच नाहीत. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्या, एसएसआरआय, चालू असतील तर सिलोसायबिनचा परिणाम बोथट होतो. आणि इथेच खरा घात होतो : मंचावरचं काहीतरी वाचून माणूस गोळ्या स्वतःच बंद करतो. चक्कर, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होणं, झोप उडणं, आणि मग मूळ आजार उलटणं. माझ्याकडे अशी माणसं आली आहेत. त्यांना मात्रेने नाही, गोळ्या सोडण्याने पाडलं.

एक धोका फक्त मायक्रोडोसिंगचाच आहे. सिलोसिन हृदयाच्या झडपांवर असलेल्या ५-एचटी२बी या सेरोटोनिनच्याच एका प्रकारच्या ग्राहींनाही चिकटतं. त्याच ग्राहींना महिनोन्महिने चेतवत राहिल्याने झडपा जाड होतात हे फेनफ्लुरामीन या वजन कमी करण्याच्या औषधाने दाखवून दिलं, ते १९९७मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढावं लागलं. वर्षात एक-दोन मोठ्या मात्रा घेण्यात ही काळजी फारशी नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षं, हा प्रश्न खुला आहे. मायक्रोडोसिंगने असं झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. पण इतक्या लांब काळाचा अभ्यासच झालेला नाही, हेही तितकंच खरं.

मेघमल्हार

झडपांचा मुद्दा मला माहीत नव्हता. धन्यवाद डॉक्टर. माझा मूळ राग वेगळा आहे आणि तो तसाच आहे. पदार्थ शेड्यूल १मध्ये टाकला, म्हणून अभ्यास महाग आणि अवघड झाला, म्हणून पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून तो शेड्यूल १मध्येच. या चक्रात पन्नास वर्षं गेली. मधल्या काळात जी माणसं तळमळत राहिली त्यांचा हिशेब कुणी द्यायचा?

पारिजात

हा राग मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच मला वाटतं, मागणी नेमकी असायला हवी. ‘मायक्रोडोसिंग कायदेशीर करा’ एवढं म्हणून भागणार नाही. मोठ्या काळाच्या, हृदयाच्या तपासणीसकट चाचण्या मागा. मात्रा घरी देता येईल असे अभ्यास मागा. हे अशक्य नाही. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या संशोधकांनी ८० निरोगी पुरुषांवर एलएसडी या भास घडवणाऱ्या दुसऱ्या पदार्थाच्या १० मायक्रोग्रॅम मात्रेची चाचणी केली. पहिली मात्रा प्रयोगशाळेत दिली, बाकीच्या सरकारच्या परवानगीने घरी नेऊ दिल्या, दर तिसऱ्या दिवशी, सहा आठवडे. पदार्थ वेगळा आहे, पण घरी नेण्याची कायदेशीर सोय करता येते हे त्यातून दिसलं. मात्रा घेतलेल्या दिवशी लोकांना उत्साही वाटलं, ते पुढे फारसं टिकलं नाही. आणि मात्रा घेणाऱ्यांपैकी चौघांना चिंता वाढल्यामुळे थांबावं लागलं. निकाल गोड असो वा कडू, अशी माहिती हवी.

शमा

सगळ्यांचे आभार. मी गोळ्या बंद करणार नाही, हे आधी सांगते, कारण डॉक्टरांचा तो परिच्छेद मी दोनदा वाचला. सपाटपणाबद्दल माझ्या डॉक्टरांशी कधी उघड बोललेच नव्हते. ते गोळीमुळेही असू शकतं का?

उत्तरायण

हो, असू शकतं. एसएसआरआय घेणाऱ्या बऱ्याच जणांना भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात. मात्रा कमी करून, गोळी बदलून, जोडीला दुसरं औषध किंवा मानसोपचार देऊन त्यावर बरंच काही करता येतं. तुमच्या डॉक्टरांना नेमके हेच शब्द सांगा, ‘दुःख कमी झालं पण आनंदही कमी झाला’. ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगितलं तर ते गोळी वाढवतील.

केवडा

आणि एखाद्या चाचणीत नाव द्यायचं असेल तर ती खरी आहे की कुणी फसवतंय हे ओळखायचं कसं? ‘क्लिनिकल ट्रायल’ म्हणून पैसे मागणारे मेसेजही येतात.

तळटीप

खऱ्या चाचणीला नोंदणी क्रमांक असतो आणि तो सरकारी किंवा आंतरराष्ट्रीय नोंदवहीत तुमचा तुम्हाला शोधता येतो. क्रमांक त्यांनी पाठवलेल्या दुव्यावरून नाही, स्वतः नोंदवही उघडून तपासा. तिथे प्रमुख संशोधक, संस्था, मात्रा, कुणाला घेणार आणि कुणाला नाही हे सगळं लिहिलेलं असतं. नीतिसमितीची मंजुरी असते आणि समितीशी थेट संपर्क करायची सोय संमतिपत्रात दिलेली असते. संमतिपत्र घरी न्यायला देतात, वाचायला वेळ देतात, कधीही बाहेर पडता येईल असं त्यात स्पष्ट असतं, इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार तेही असतं. चाचणीचं औषध सहसा सहभागी माणसाला विकत घ्यावं लागत नाही. आगाऊ रक्कम, ‘दोनच जागा शिल्लक’, माल टपालाने घरी पाठवू, यातलं एक जरी दिसलं तरी उत्तर देऊ नका. केवडा, तुम्हाला आलेल्या मेसेजमध्ये क्रमांक दिला असेल तर फक्त तेवढा क्रमांक इथे टाका. नोंदवहीत बघून सांगतो.